सबंध विटेचा हट्ट

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही आणि मोठ्या आवाजात सांगायचीही नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, उडता घोडा नाही. एक गवंडी आहे, त्याची थोरली बहीण आहे आणि रस्त्याकडची एक भिंत आहे. मधे हसू आलं तर खुशाल हसा, देवाला हसणारी माणसं आवडतात. पण ऐकता ऐकता कुठे आपलीच मान खाली गेली, तर ती तशीच राहू द्या. सांगणाऱ्याचीही जाते.

तर त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ चढते की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याची भिंत तशी आणि याचा शब्दही तसा, असं लोक म्हणायचे. चाळीस वर्षं त्याने सबंध विटेचं काम केलं. वीट हातात घेतली की वजनावरून सांगायचा, ही नीट भाजली आहे की मधे कच्ची आहे. आता लोकांनी असं नाव ठेवलं की माणसाला ते सांभाळावं लागतं. अंगावर पांढरे कपडे घालून बाजारात जावं तसं. सगळं लक्ष डाग पडू नये याकडे.

ओळंब्याला एकच लेक. बापाचा हात तिच्यात आला, पण तिने वाट वेगळी धरली. ती विटेच्या चकत्या लावायची. चकती म्हणजे विटेचा जेमतेम पाऊण इंच जाडीचा काप. मूळ भिंत असते तशीच राहते, तिच्यावर सिमेंटचा मसाला ओढायचा, ओळीने चकत्या चिकटवायच्या आणि सांधे भरायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, सगळी भिंतच विटेची आहे. लेकीची स्वतःची गाडी होती, हाताखाली दोन बायका होत्या आणि दोन महिने पुढची कामं लागलेली असायची.

बापाला हे पटत नसे. जेवताना तो हमखास टोचायचा. "काय, आज कोणत्या भिंतीला पावडर लावून आलात?"

"बाबा, खरी वीटच असते ती. भट्टीतलीच. फक्त कापलेली."

"केळ्याच्या सालीला केळं म्हणतेस का तू?"

"नाही म्हणत. पण तुम्हीसुद्धा कुणाच्या पाठीवर केळ्यांचं पोतं टाकण्याआधी त्याची पाठ बघाल ना? जिथे पाया रुंद, जिथे वजन झेपतं, तिथे सबंध वीट लावा, मी स्वतः तुम्हाला विटा आणून देईन. जिथे झेपत नाही तिथे साल बरी."

ती बोलली ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे ओळंब्याला कळत होतं. म्हणूनच त्याला राग यायचा.

विटांच्या वखारीत तर त्याची फारच थट्टा व्हायची. जुने गवंडी तिथे सकाळी चहाला जमायचे. एक जण म्हणायचा, "ओळंबाशेठ, लेकीने म्हणे डिंकाचा कारखाना काढलाय?" दुसरा म्हणायचा, "आता बापलेक मिळून पाकिटांवर तिकिटं चिकटवणार." सगळे खो खो हसायचे. ओळंबाही हसायचा, पण कप ठेवताना त्याचा हात जरा जोरात आपटायचा.

अशा एका सकाळनंतर दुपारी बहिणीचा निरोप आला, की बापलेक दोघंही या, भिंतीचं ठरवायचं आहे.

ही थोरली बहीण आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होती. तिचे यजमान घड्याळजी. दोन वर्षांपूर्वी ते गेले. घर छोटं, एकमजली. दर्शनी भिंतीचा गिलावा फुगून पापुद्रे सुटले होते. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. त्याच्यावर लेकीने चार चकत्या चिकटवलेली फळी ठेवली आणि ओळंब्याने शेजारी आपली सबंध वीट ठेवली. ठेवली म्हणजे आदळली. कपातला चहा हिंदकळला.

"ह्यांची फार इच्छा होती बघ, पुढून विटेचं घर असावं," ताई म्हणाली. "म्हणायचे, भेगा पडल्या डायलला की घड्याळ चालू असून बंद वाटतं. मला यातलं काही कळत नाही. पोरी, तू सांग."

लेक म्हणाली, "आत्या, चकत्या लाव. घर जुनं आहे. सबंध विटेची भिंत म्हणजे मूळ भिंतीबाहेर दुसरी भिंत. तिला खाली उभं राहायला स्वतःची जागा लागते. चकत्यांना ती लागत नाही."

ताईने भावाकडे पाहिलं. "आणि तू काय म्हणतोस?"

इथे जरा थांबू या, कारण गोष्टीचं मूळ इथेच आहे. त्या घराचा पाया खुद्द घड्याळजींनी खणला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने. ओळंब्याला त्यांनी विचारलं होतं, "मेहुणे, किती खोल जाऊ?" ओळंब्याने सांगितलं, "एक मजला आहे, साधी भिंत आहे. दोन हात खोल, दीड हात रुंद, पुरे." घड्याळजींनी पट्टी लावून खणलं. खड्ड्यात उकिडवे बसून, डोळ्याला ते घड्याळाचं भिंग लावल्यासारखे, कोपरे तासत बसले. ओळंब्याने वरून ओरडून विचारलं, "भावोजी, पाया घालताय की स्प्रिंग बसवताय?" ते वर बघून म्हणाले होते, "मला यातलं कळत नाही हो. म्हणून तुम्ही सांगाल तेवढंच करायचं. कमी नाही, जास्त नाही." आणि मग विचारलं होतं, "पुढे कधी बाहेरून विटा लावाव्या वाटल्या तर?" ओळंबा म्हणाला होता, "तेवढं ओझं हा पाया घेणार नाही. तेव्हा वेगळा पाया खणावा लागेल, याच्याइतका खोल. मी असेन ना तेव्हा. मी सांगेन."

तर ताईने विचारलं, "पाया झेपेल ना रे?"

ओळंब्याच्या डोळ्यांपुढे वखारीतला चहा आला. सख्ख्या बहिणीच्या घराला साल लावली असं उद्या तिथे म्हणतील, हे आलं. तो म्हणाला, "झेपेल. सबंध वीटच लावायची. मी उभा आहे ना."

एकच शब्द. झेपेल.

लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, बाहेरून पाया वाढवावा लागेल. दोन हात खाली जावं लागेल."

"मला शिकवतेस?"

लेकीने आपली फळी उचलून पिशवीत घातली. आत्यासमोर बापाला खोटं ठरवायची तिला सवय नव्हती.

नीट खणायचं तर दारातली पायरी फोडावी लागली असती, खालची पाण्याची नळी हलवावी लागली असती. तीन आठवडे लागले असते, आणि ताईने विचारलं असतं, एवढं कशासाठी, तू तर झेपेल म्हणालास. म्हणून लेक दुसऱ्या गावी कामाला गेली त्या दिवशी ओळंब्याने जुन्या पायाला लागून एक चर खणला. वीतभर खोल. माती भुसभुशीत होती, कधीतरी नळीसाठी उकरून परत लोटलेली. फावडं लोण्यात जावं तसं जात होतं. कुणा नवशिक्याने असं केलं असतं तर याने त्याला कामावरून हाकललं असतं. याने त्यात काँक्रीट ओतलं, वर माती ओढली, संध्याकाळच्या आत पायाने दाबून टाकली. हात धुताना तो पुष्कळ वेळ धूत होता.

भिंत मात्र अशी चढली की बघत राहावं. खिडकीभोवती उभ्या विटांची चौकट, सांधे एकसारखे, कोपरा सुरीसारखा. वखारीतली मंडळी मुद्दाम बघायला आली. ताईने समोरच्या शिंपीणबाईंना बोलावून दाखवलं. "बघा, माझ्या भावाचा हात." ओळंबा नुसता हसला. रात्री अंथरुणावर पडला की त्याला ती भिंत आठवायची नाही, तो वीतभर चर आठवायचा.

पाऊस आला आणि गेला. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली. विटेविटेच्या सांध्यातून, जिन्याच्या पायऱ्या उतराव्या तशी, खाली जमिनीपर्यंत. पुढच्या महिन्यात तिच्यात बोट जाऊ लागलं.

तपासायला एक इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी भेगेत पट्टी घातली, भिंतीला दोरी लावली. मग विचारलं, "पुढची भिंत खाली बसली आहे. या घराचा पाया कुणी घातला होता?"

ओळंबा म्हणाला, "भावोजींनी."

"ते इंजिनिअर होते का?"

"घड्याळं दुरुस्त करायचे."

बाई "अच्छा" म्हणाल्या. फार काही नाही, फक्त अच्छा. पुढे त्या म्हणाल्या, "उकरल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. ही भिंत धोक्याची आहे, उतरवून घ्या. मग हवं तर मूळ भिंतीवर चकत्या लावा."

आता बघा, ओळंब्याने खोटं कुठे सांगितलं? पाया भावोजींनीच घातला होता. घड्याळंही ते दुरुस्त करायचेच. दोन्ही शब्द खरे. पण देवाचा ओळंबा वेगळाच असतो, तो शब्दाला लावत नाहीत, मनाला लावतात. त्या दिवशी दोरी कुठे गेली आणि भिंत कुठे राहिली, ते त्याला एकट्याला दिसलं.

गल्लीला मात्र विषय मिळाला. शिंपीणबाईंच्या दुकानात बायका माप द्यायला यायच्या आणि समोर भेग दिसायची. "घड्याळजींचा पाया म्हणे. रोज पाच मिनिटं मागे पडतो." "चावी द्यायची राहिली असेल." वखारीतही तेच. "ओळंबाशेठ, तुमचा काय दोष? खाली घड्याळजी, वर तुम्ही काय करणार?" चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळे त्याच्या बाजूने होते. तो चहाच्या कपात बघत बसायचा. एकदा म्हणाला, "जाऊ द्या, गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं." आणि सगळ्यांनी मान डोलावली, की बघा, किती मोठ्या मनाचा. ते ऐकून तो उठला, तो बरेच दिवस वखारीत फिरकला नाही.

पण सगळ्यात वाईट ताईचं झालं. तिने नवऱ्याबद्दल बोलणं बंद केलं. पूर्वी दर दोन वाक्यांनी "हे म्हणायचे" असायचं, ते गेलं. एक दिवस तिने भावाला बोलावून समोर बसवलं आणि त्याचा हात हातात घेतला. "तुझी माफी मागायची होती रे. तुझं नाव गेलं आमच्यापायी. ह्यांना कितीदा म्हटलं होतं मी तेव्हा, एखादा माणूस लावा, सगळं आपणच करायचा हट्ट कशाला. नाही ऐकलं. कंजुषी, दुसरं काय. मी त्यांना फार नेमका माणूस समजत होते."

ओळंबा म्हणाला, "तसं नाही गं ताई."

"तू कशाला पांघरूण घालतोस? भला आहेस म्हणून."

अशा वेळी जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं म्हणतात. ती काही दुभंगत नाही. त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि तो घरी गेला. देवासमोर बसला तर डोळे मिटवेनात. मिटले की तिचा हात दिसायचा, याच्या हातावर ठेवलेला.

शेवटी भिंत उतरवायचा दिवस ठरला. लेक म्हणाली, "मी माझ्या बायका घेऊन येते." ओळंबा म्हणाला, "नको. मी बांधली, मीच उतरवीन." पोरीला वाटलं, बापाला लागलंय मनाला. तिने आग्रह केला नाही. खरं तर याला कुणी बघायला नको होतं. भिंत उतरवायची, वीतभर काँक्रीट फोडून तुकडे करायचे, गाडीत भरून टाकायचे आणि माती लोटायची. मग उकरून बघणाऱ्याला काही सापडायला नको. भावोजींचा पाया तेवढा बदनाम राहील. माणूस तर गेलाच आहे, त्याला काय कळतंय.

असा विचार त्याने केला. आपल्यापैकी ज्याने असा विचार कधीच केला नसेल, त्याने त्याला हसावं.

दोन दिवस तो एकेक वीट सोडवत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खाली पोचला. माती बाजूला केली आणि दोन्ही पाये उघडे पडले. आतला भावोजींचा. पंचवीस वर्षांचा, पण कड अशी ताठ की कालच साचा काढला असावा. एक केसाएवढी भेग नाही. आणि त्याला लागून याची काँक्रीटची पट्टी, मधोमध मोडलेली, एक तुकडा मातीत तिरपा रुतलेला. ओळंबा खड्ड्यात उकिडवा बसून जुन्या पायाच्या कडेवरून हात फिरवू लागला. घण शेजारी पडला होता. तो उचलायचा, चार घाव घालायचे, की झालं.

तेवढ्यात ताई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. समोर शिंपीणबाई दारात कापड झटकत होत्या, त्यांच्या दुकानात दोघी बसल्या होत्या. ताईने वाकून खड्ड्यात पाहिलं.

"दोन का रे दिसतात?" ती म्हणाली. "यातला ह्यांचा कोणता?"

ओळंब्याने हाताला लागलेली माती झटकली.

तिने मोडक्या पट्टीकडे बोट केलं. "हा ना?" तिचा आवाज बारीक झाला. "बघ कसा घातलाय. लेकराने चिखलात खेळावं तसा. शी."

नुसतं "हं" म्हणायचं होतं. मान हलवली तरी चालली असती. ओळंब्याने वर पाहिलं. ताईचा चेहरा त्या मोडक्या तुकड्याकडे बघून शरमेने उतरला होता. शरम त्याची होती आणि ती बसली होती तिच्या चेहऱ्यावर.

"नाही ताई," तो म्हणाला. "तो माझा. भावोजींचा हा."

"कुठला?"

"हा, शाबूत. मी सांगितलं तेवढा त्यांनी घातला, सुतासारखा. मला माहीत होतं याच्यावर एवढं ओझं चालायचं नाही. तेव्हाच त्यांना सांगितलं होतं. तू विचारलंस झेपेल का, मी झेपेल म्हणालो. पोरगी खरं सांगत होती. मला चकत्यांची लाज वाटत होती म्हणून मी... आणि हे वीतभर घातलं मी. चोरून. तू घरात होतीस तेव्हा."

शिंपीणबाईंच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

ताई पायरीवर बसली. तांब्या अजून तिच्या हातात होता. मग ती म्हणाली, "त्या इंजिनिअरबाईंना तू भावोजींनी म्हणालास."

"हो."

"मी तुझी माफी मागितली, तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी त्यांच्यावर रागावून आहे. रोज सकाळी उठून रागावते. मेलेल्या माणसावर. त्याला बिचाऱ्याला उत्तरसुद्धा देता येत नाही." मग तिचा आवाज चढला, वॉर्डात चढत असेल तसा. "माझ्या पायांशी असा बसू नकोस, ऊठ तिथून. मला काय सांगतोस? जिथे जिथे त्यांना हसले, तिथे जाऊन सांग."

ओळंबा खड्ड्यातून वर आला. गुडघ्यापर्यंत माती. तसाच रस्ता ओलांडून शिंपीणबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून त्यांना "राहू दे" असंही म्हणता येईना. त्याने सगळं सांगितलं. आत बसलेल्या दोघी आपापल्या चपलांकडे बघत होत्या. दुसऱ्या सकाळी तो वखारीत गेला आणि तिथेही सांगितलं, उभ्यानेच, चहा न घेता. कुणी हसलं नाही. एक म्हातारा गवंडी तेवढा म्हणाला, "वीतभर? तू?" त्या दोन शब्दांइतकं त्याला आयुष्यात काही लागलं नव्हतं. इंजिनिअरबाईंकडेही गेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावरची एक ओळ खोडून दुसरी लिहिली.

लेकीने काही विचारलं नाही. ती येऊन चकत्या लावू लागली. मूळ भिंत घासून घेतली, मसाला ओढला, ओळ धरली. बाप बादलीत मसाला कालवून देत होता, चकत्या पुसून हातात देत होता. कोपऱ्यासाठी वेगळी, काटकोनात वळलेली चकती असते. ती बसली की साल आहे हे कुणाच्या बापाला कळत नाही. ओळंब्याने पहिल्यांदाच ती हातात घेऊन नीट बघितली.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला.

"पाणी जास्त झालं बादलीत," लेक म्हणाली. "बघून घाला, बाबा."

ताईने त्याला माफ केलं का, म्हणता? ती त्याला रोज चहा द्यायची. समोर बसायची मात्र नाही. कप कठड्यावर ठेवून आत जायची. आतून तिचं कुणाशी तरी बोलणं ऐकू यायचं, हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं. घरात दुसरं कुणी नव्हतं. ओळंबा तेव्हा कालवायचा थांबायचा आणि खाली बघत उभा राहायचा.

गोष्ट एवढीच. आता उठण्याआधी माझं एक ऐका. ओळंब्यासाठी काही मागत नाही, त्याचा हिशेब देव आणि ताई बघून घेतील. पण सुट्टीच्या दिवशी खड्ड्यात बसून कोपरे तासणारे ते घड्याळजी, ज्यांनी सांगितलं तेवढंच खणलं, कमी नाही, जास्त नाही, आणि चार महिने दुसऱ्याची लाज मुकाट्याने वाहिली, त्यांच्यासाठी घरी जाऊन एकदा हात जोडा. त्यांची आठवण ठेवा.